कॅस्केड हॉपचं पाकीट: पेल एलचा वास, दारू न काढता

पहिले सांगून टाकतो, हे पाकीट घ्यायसारखं आहे. पेल एल नावाच्या बीअरमधला तो कडवट, संत्र्या-मोसंबीच्या सालीचा वास ज्याला आवडते पण दारू नको आहे, किंवा जो माझ्यासारखा वर्धा जिल्ह्यात राहते जिथं दारूबंदीच आहे, त्याच्या तं हे लयच कामाचं आहे. मी घेतलं ते कॅस्केड जातीच्या हॉपचं, म्हणजे बीअरला कडूपणा अन् वास देणाऱ्या फुलांचं, १०० ग्रॅमचं पाकीट, पेलेटवालं म्हणजे दाबून केलेल्या कांड्यांचं, आतून चांदी असलेल्या जाड पिशवीत हवा काढून सील केलेलं. घरी बीअर बनवणाऱ्या लोकांसाठी ऑनलाइन विकतात ते. हाच माल बऱ्याच दुकानांत मिळते म्हणून हा रिव्ह्यू मालाचा समजा, दुकानाबद्दल जे बोलायचं ते पुढं येईलच.

अन् एक गोष्ट आताच क्लिअर करतो, मी याची बीअर काढली नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं लायसन नसताना घरी बीअर काढणं गुन्हा आहे, स्वतःपुरती काढली तरी, अन् वर्धा, गडचिरोली इथं तं पूर्ण दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. हातभट्टीनं बसलेली घरं मी गावात पाहिली आहेत त्यामुळं या बंदीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुण्याला नोकरीवर होतो तेव्हा पेल एल प्यायलो, आवडली, अन् आवडली ती नशेसाठी नाही, त्या वासासाठी. गावी वावर सांभाळायला परत आलो तरी तो वास काही डोक्यातून गेला नाही. मग कळलं की अमेरिकेत हॉप वॉटर नावाचा प्रकार असते, मुख्यतः पाणी, हॉप अन् सोड्याचा गॅस, साखर नाही, अल्कोहोल नाही. सिएरा नेवाडा अन् लॅगुनिटाससारख्या बीअरच्या कंपन्याच आता ते विकतात. मी या पाकिटाचं तेच बनवतो, अन् उन्हाळ्यात वावरातून आल्यावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही हे मी मनापासून सांगतो.

पाकीट फोडलं की आत हिरव्या बारीक कांड्या निघतात, सरकीच्या ढेपेच्या कांड्या असतात ना तशा, फक्त लहान. बोटात चोळली की चुरा होते अन् बोटं चिकट होतात, तो चिकटपणा म्हणजेच खरा माल. हॉप हा वेल आहे, त्याच्या मादी फुलाच्या बोंडात पिवळी भुकटी असते, ल्युप्युलिन म्हणतात तिला, कडूपणा अन् वास दोन्ही त्याच्यातच. बोंडं वाळवून, दळून, दाबून ह्या कांड्या करतात. पाकिटावर टी-९० लिहिलेलं असते, म्हणजे १०० किलो बोंडांपासून साधारण ९० किलो कांडी, बाकी काडीकचरा. गावात कोणी विचारलं तर हेही सांगून ठेवा की हॉप भांगेच्याच कुळातला आहे पण त्याच्यात भांगेसारखी नशा नाही, नाहीतर अर्धीच माहिती फिरते अन् लोक भलतंच बोलतात.

वास सांगतो. पिशवी उघडल्याबरोबर पपनसाची साल येते, मग संत्र्याची, आमच्याकडच्या मृग बहाराच्या संत्र्याची साल नखानं खरडली की जे उडते तसंच बरंचसं, त्याच्या मागून देवदाराच्या लाकडासारखं काहीतरी राळेचं अन् सगळ्यात शेवटी हलकं फुलाचं. पिशवी ताजी असेल तर हे चारही वेगवेगळे ओळखू येतात. आर्वी, आष्टी, कारंजा या भागात संत्र्याच्या बागा आहेत, लोकांच्या नाकाला हा वास सवयीचा आहे, त्यामुळं इथल्या माणसाला कॅस्केड समजावून सांगावा लागत नाही, पिशवी नाकापुढं धरली की पुरते.

आता एकच हॉप काऊन. दुकानवाले चार-पाच जातींचा कॉम्बो पॅक पुढं करतात, सिट्रा, मोझॅक, सिमको, अमरिलो सगळं एकत्र, अन् नव्या माणसाला वाटते जास्त जाती म्हणजे जास्त मजा. माझं मत पार उलटं आहे. चार हॉप एका गंजात टाकले की चव चांगली येऊ शकते, मी नाही म्हणत नाही, पण कोणी काय दिलं ते कधीच कळत नाही, अन् पुढच्या खेपेला चव बिघडली तं धरायचं कोणाला? एकच टाकला तर जे काही पेल्यात आहे, वास, कडूपणा, घशात मागं राहणारी चव, ते सगळं त्याचंच. पेल एल बनवणारे लोकही नवीन हॉप ओळखायला हेच करतात, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, साधा ठेवायचा, आंबवायचं यीस्ट असं घ्यायचं की जे स्वतःची चव फारशी सोडत नाही, अन् हॉप एकच. हॉप वॉटरमध्ये तं माल्ट नाही अन् यीस्टही नाही, झाकायला काहीच नाही, हॉप जसा आहे तसा समोर येते. जुना असेल तर तेही लपत नाही.

अन् एकच घ्यायचा तर कॅस्केड. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात कॉर्व्हालिस इथं सरकारी संशोधनातून हे वाण निघालं, इंग्लंडचा फगल अन् रशियाचा सेरेब्रियांका याच्या वंशातून, संकर झाला १९५६ मध्ये अन् शेतकऱ्याच्या हाती ते आलं १९७२ मध्ये. कृषी विद्यापीठाचं एखादं वाण यायला किती वर्षं जातात हे ज्याला माहीत आहे त्याला ही मेहनत समजेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं १९७५ मध्ये लिबर्टी एल काढली ती याच हॉपवर, मग १९८० मध्ये सिएरा नेवाडाची पेल एल आली अन् अमेरिकन पेल एल म्हणजे कॅस्केडचा वास हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. अँकर २०२३ मध्ये बंद पडली, कॅस्केड अजून पिकते. पुण्यात मी जे प्यायलो होतो त्याच्यातला वास याच घराण्याचा होता हे पिशवी उघडल्यावरच समजलं.

बनवायचं कसं ते जरा नीट सांगतो कारण पाकिटासोबत जो कागद येते तो फक्त २० लिटर बीअरचा आहे, आपल्या कामाचा नाही. हॉपमधलं अल्फा अॅसिड, कॅस्केडमध्ये साधारण ४.५ ते ७ टक्के, ते पाण्यात सहज विरघळत नाही. उकळत ठेवलं की त्याचं रूप बदलते, ते विरघळते अन् मग खरा कडूपणा येते. वासाचं तेल मात्र उकळताना वाफेसोबत उडून जाते. म्हणून पेल एलमध्ये हॉप वेगवेगळ्या वेळी टाकतात, काही सुरुवातीला टाकून तासभर उकळायचे ते कडूपणासाठी, काही गॅस बंद करता करता ते चवीसाठी, अन् काही आंबवणं होत आल्यावर थंड्यातच टाकायचे, त्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, तो निव्वळ वासासाठी. एकाच हॉपची पेल एल म्हणजे ही सगळी कामं त्या एकाकडूनच करून घ्यायची. आपल्याला यातलं उकळणं जवळजवळ नकोच आहे. अमेरिकन पेल एलचा कडूपणा ३० ते ५० आयबीयूच्या (कडूपणा मोजायचं माप) मधात असते, तिथं माल्टचा गोडवा त्याला धरून ठेवते, नुसत्या पाण्यात तेवढा कडूपणा आणला तर घोट खाली उतरत नाही.

तर ५ लिटर पाणी, मोठ्या गंजात, चांगलं उकळून घ्यायचं, गॅस बंद, त्याच्यात निंबूसत घालायचं, पाणी ७५ ते ८० डिग्रीवर येऊ द्यायचं, थर्मामीटर घ्याच, तो स्वस्तात मिळते अन् अंदाजावर हे काम होत नाही. मग १० ग्रॅम पेलेट टाकायचे, झाकण, २० मिनिटं. झाकण ठेवलंच पाहिजे, नाहीतर घरभर वास येते अन् पेल्यात येत नाही. मग चाळणीनं, त्याच्यानंतर घट्ट विणीच्या सुती फडक्यातून गाळायचं, फडकं पिळायचं नाही, पिळलं की चोथ्याचा तुरटपणा खाली उतरते. गंज थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून लवकर निववायचा अन् रातभर फ्रीजमध्ये, सकाळी वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं, बुडाशी हिरवा गाळ बसते तो सोडून द्यायचा. जास्त कडू पाहिजे असेल तर त्या १० ग्रॅममधलेच एक-दोन ग्रॅम आधी दहा मिनिटं उकळा, त्याच्यावर नको. काही जण थंड पाण्यातच हॉप टाकून रातभर फ्रीजमध्ये ठेवतात, त्याला पाल्याची, गवताची चव जास्त येते, मला ते पटलं नाही.

निंबूसत फक्त चवीसाठी नाही हे लक्षात घ्या. पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं पाणी आंबट) ४.६ च्या खाली गेला की धोकादायक जंतू वाढायची शक्यता एकदम कमी होते, मी पट्टी लावून ४ च्या आसपास ठेवतो. शिवाय पीएच जास्त राहिला तर हॉपमधून तुरट, घसा धरणारा कडूपणा निघते, कमी ठेवला तं तोच हॉप मऊ लागते. अन् इथंच आपल्या विदर्भाच्या पाण्याचा विषय येते, जो कोणत्याच दुकानाच्या कागदावर नाही.

आमच्याकडं काळ्या दगडाचा भाग, बोअरचं पाणी जड, चहाच्या गंजाला पांढरा थर बसते तो सगळ्यांनी पाहिला असेल. त्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, ते निंबूसत गिळून टाकते, घालत राहा, घालत राहा, पट्टी काही खाली येत नाही, अन् येते तोपर्यंत पाणी आंबट-खारट होऊन बसलेलं असते, हॉप कुठच्या कुठं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या लोकांना तं हे सांगायलाच नको, पूर्णा खोऱ्यातलं ते पाणी या कामाला अजिबात लावू नका. आता गावोगाव आरओची २० लिटरची कॅन मिळते, तीच घ्या. त्या पाण्यात क्षार कमी असल्यामुळं चिमूटभर निंबूसतात काम होते अन् कॅस्केडचा संत्र्याचा वास एकदम मोकळा निघते. अगदीच सपाट वाटलं तर जिप्समची कणभर पूड टाकतात बीअरवाले, खाण्याच्या ग्रेडची, वावरात टाकतो ती नाही. माझ्या मते हॉपची जात बदलून जेवढा फरक पडते त्याच्यापेक्षा जास्त फरक इथं पाणी बदलून पडते. ज्यांनी हे पाकीट घेऊन खराब रिव्ह्यू दिला असेल, घसा धरते, औषध लागते असं लिहिलं असेल, त्यांनी एकदा आरओच्या पाण्यावर करून पाहावं.

गॅस भरायला मशीन मिळते घरगुती, मी घेतलं नाही. आमच्या बाजाराच्या गावात गोटी सोड्याचं जुनं दुकान आहे, त्या काकांकडं गेलो. त्यांनी पहिले कॅन उघडून वास घेतला.

"हे काय व्हय बाप्पा? दारू-गिरू त नाई ना? माहं दुकान बंद करशीन."

"नाही काका, पाल्याचं पाणी हाय. पिऊन पाहा."

प्यायले, तोंड वाकडं केलं, पुन्हा प्यायले. "कडू हाय. पण वास मस्त हाय लेका. मशीनले गाळ नको जायले फक्त."

गाळाचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पाण्यात हॉपचे कण राहिले की गॅस त्याच कणांवर सुटते अन् बाटली उघडल्यावर सगळा फेस बाहेर. म्हणून ते रातभर निवळणं अन् फडक्याची दुसरी गाळणी सोडू नका. पाणीही बर्फासारखं थंड न्या, थंड पाण्यात गॅस जास्त मुरते, कोमट पाण्यात भरला तर उघडल्याबरोबर निघून जाते. मी कॅनला ओलं पोतं गुंडाळून सकाळीच नेतो. गोटीची बाटली हिराम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ मध्ये पेटंट केली होती, आतल्या गॅसच्या दाबानंच गोटी तोंडाशी जाऊन बसते, वेगळं झाकण नाही, अन् दीडशे वर्षांनंतर आमच्या बाजारात तिच्यातून कॅस्केड निघते याचं मला खरंच लय छान वाटते.

चव कशी आहे. पहिल्या घोटाला गॅस अन् पपनस, मधात साफ, कोरडं, साखर नसल्यामुळं तोंड चिकट होत नाही, अन् शेवटी जिभेच्या मागं बारीक कडू, जे दुसरा घोट मागते. पेल एल आहे का, तर नाही, माल्टचं भाजलेल्या ब्रेडसारखं अंग त्याच्यात नाही अन् तशी अपेक्षा ठेवून घेऊ नका. पण पेल एलमध्ये हॉप म्हणून जे असते ते सगळं आहे. बाबांना भुईनिंबाच्या काढ्याची सवय, ते म्हणाले "हे त काहीच कडू नाही", अन् आता उन्हाळ्यात रोज मागतात. वहिनी काळं मीठ टाकून पितात, माझ्या मते मिठानं वास दबते पण त्यांना तसंच आवडते. नागपूरचा मावसभाऊ, बीअरवाला, त्याला बिनमाल्टचं पटलं नाही. त्याच्यासाठी मी बार्लीच्या माल्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये हाच हॉप उकळून, यीस्ट न टाकता, थंड करून दिलं होतं, ते गोड अन् जड होते, त्याला आवडलं, मला नाही. ते करायचं असेल तं फ्रीजमध्येच ठेवा अन् दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा, गोड पाणी आपल्याकडच्या गरमीत आपोआप आंबते. तसंच हॉप वॉटरमध्ये संत्र्याचा रस टाकून बाटली बंद करून ठेवू नका, रसात साखर असते, बंद बाटलीत आंबलं की काच फुटते. रस टाकायचाच तर पेल्यात, पिताना.

दारूबंदीच्या भागात राहणाऱ्यांना एक सांगणं, वास हा बीअरच्याच घरातला आहे. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा, काय आहे ते लिहा, अन् गाडीत घेऊन फिरताना हॉपचं पाकीटही सोबत ठेवलं तर बरं. विनाकारण कोणाला उत्तरं देत बसायला नको.

आता तक्रारी. पाकिटावर जात लिहिली आहे, अल्फाचा आकडा नाही अन् पीक कोणत्या वर्षाचं तेही नाही. हे चालणारं नाही. अमेरिकेत हॉपची काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते, म्हणजे माल वर्षातून एकदाच ताजा असते, अन् हॉप उष्णतेनं, हवेनं लवकर उतरते, जुन्या हॉपला चीजसारखा, पायमोज्यासारखा वास येते. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर, टेस्टची तारीख सगळं पाहिल्याशिवाय आपण घेत नाही, मग एवढ्या महाग वस्तूवर काऊन नसावं? मी दुकानाला मेलवर विचारलं, उत्तर आलं नाही. दुसरं, पिशवीला झिप नाही, एकदा कापली की संपलं, दुसऱ्या डब्यात काढून ठेवावं लागते. कुरिअरनं गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागते, याच्यात दुकानाचा दोष नाही पण उन्हाळ्यात पाकीट गोडाऊनमध्ये ४५ डिग्रीत पडून राहते हे लक्षात ठेवा. मागवायचं ते दिवाळीनंतर, थंडीत, वर्षभराचं एकदाच, अन् सरळ फ्रीझरमध्ये. लाइन गेली तरी फ्रीझर उघडू नका.

किंमत पाचशेच्या वर, कुरिअर वेगळं. लिटरला २ ग्रॅम धरले तर एका पाकिटात ५० लिटर होते, म्हणजे हॉपचा खर्च लिटरमागं दहा-बारा रुपये अन् वर कॅन, गॅस, काकांची भराई. बाजारातल्या गोड कोल्ड्रिंकपेक्षा महाग नाही पडत.

रोप लावता येईल का असं बरेच जण विचारतात. हॉपला थंड हिवाळा अन् उन्हाळ्यात मोठे दिवस लागतात, आपल्याकडं दोन्ही नाही. भारतात तो हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात होते. वर्धेत वेल जगला तरी बोंडं धरणं कठीण, त्यापेक्षा तेवढ्या जागेत संत्रा लावा.

अन् एक महत्त्वाचं, ज्यांच्याकडं कुत्रं आहे त्यांनी नक्की वाचा. हॉप कुत्र्याला विषारी आहे, वापरलेला चोथाही. खाल्ला तर त्याच्या अंगाचं तापमान एकदम वाढते अन् जीव जाऊ शकते, असं झालं तर वाट न पाहता जनावराच्या डॉक्टरकडं न्या. गावात मोकळी कुत्री किती असतात ते सांगायला नको, म्हणून चोथा उघड्या उकिरड्यावर टाकायचा नाही, शेणखताच्या खड्ड्यात खोल टाकून वरून माती ओढायची, अन् निघता निघता गाळणीचं फडकंही धुऊन उंच दोरीवर टाकायचं.